एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजसाठी घरी फोनो प्रीअँप बांधायचा आहे: ५५३२ आयसी चालेल का, आणि गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल का?

बार्देशकर

नमस्कार मंडळी. मुक्काम म्हापसा. टर्नटेबलला ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आहे. अँप्लिफायरला फक्त ऑक्स इनपुट आहे, फोनो नाही. सरळ ऑक्सला जोडलं तर आवाज अगदी बारीक येतो, बेस जवळजवळ नाही, नुसती किणकिण. म्हणून फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) स्वतः बांधायचा आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे (कंडेन्सर मोजतो), ऑसिलोस्कोप नाही.

विचारायचं ते असं:

१. एनई५५३२ वर साधं सर्किट पुरेल का? भाग नेमके किती व्हॅल्यूचे (ओहम, मायक्रोफॅरड) घ्यायचे?
२. पॉवर सप्लाय त्याच डब्यात ठेवू की वेगळा?
३. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की आरसीए सॉकेट काळे पडतात. त्यासाठी आधीच काय करून ठेवावं?
४. माळ्यावर ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही आहेत, कोंकणी कांतारां (गाणी) आणि काही नाट्यगीतं. त्या याच प्रीअँपवर लावता येतील का?

---

अंत्रुज_सर्किट

५५३२ पुरेसा आहे. आठ पायांच्या एका आयसीत दोन्ही चॅनेल बसतात. व्हीएम९५ई चं आउटपुट १ किलोहर्ट्झला ४ मिलिव्होल्ट आहे. ऑक्सला तीन-साडेतीनशे मिलिव्होल्ट मिळाले की काम झालं, म्हणजे साधारण ९० पट गेन हवा. पण खरं काम गेनचं नाही, आरआयएए वळण उलटवण्याचं आहे. तबकडी कापताना बेस दाबलेला असतो आणि ट्रेबल उचललेला असतो. वाजवताना २० हर्ट्झला १९.३ डीबी वर आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डीबी खाली आणावं लागतं. ऑक्सला लावल्यावर किणकिण येते ती यामुळेच. वळणाचे तीन टाइम कॉन्स्टंट ठरलेले आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद.

डाव्या चॅनेलचं सर्किट शब्दांत देतो, कागदावर काढून घ्या.

इनपुट सॉकेटच्या मधल्या टोकापासून १०० ओहम. त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला ४७ पीएफ (पिकोफॅरड). तिथूनच पुढे १० एमएफडी (मायक्रोफॅरड) नॉन-पोलर कंडेन्सर, आणि तो थेट पिन ३ ला. पिन ३ पासून ग्राउंडला ४७ के (किलोओहम).

पिन २ पासून ३३० ओहम, त्याच्या पुढे २२० एमएफडी, आणि त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. तिथे डीसी जेमतेम काही मिलिव्होल्ट असतं, त्यामुळे साधा इलेक्ट्रोलिटिक चालतो आणि दिशेनेही फरक पडत नाही.

पिन १ ते पिन २ हा फीडबॅक. त्यात दोन जोड्या एकामागोमाग. पहिली जोडी: २६७ के (२२० के आणि ४७ के सिरीजमध्ये), त्याला समांतर ०.०१२ एमएफडी. दुसरी जोडी: २२.६८ के (२२ के आणि ६८० ओहम सिरीजमध्ये), त्याला समांतर ०.००३३ एमएफडी. कंडेन्सरवर कोड अनुक्रमे १२३ आणि ३३२ असा असतो.

पिन १ पासून ४७ ओहम, मग १० एमएफडी नॉन-पोलर, मग आउटपुट सॉकेट. सॉकेटवर ग्राउंडला १०० के.

उजव्या चॅनेलसाठी ३ च्या जागी ५, २ च्या जागी ६, १ च्या जागी ७. पिन ८ ला प्लस, पिन ४ ला मायनस. त्या दोन्ही पायांना आयसीच्या अगदी लगत ०.१ एमएफडी आणि जवळपास ४७ एमएफडी ग्राउंडला. ०.१ विसरू नका. तो नसला तर आयसी ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होतो आणि आवाज कारणाशिवाय खरखरीत लागतो.

हे आकडे कुठून आले तेही सांगतो, म्हणजे दुकानात वेगळ्या व्हॅल्यूचा भाग मिळाला तर तुम्हाला बदलता येईल. या जोडणीत पहिल्या जोडीचा आर गुणिले सी (रेझिस्टर गुणिले कंडेन्सर) म्हणजे ३१८०, दुसऱ्या जोडीचा ७५. मधला ३१८ आपोआप जुळायला मोठा कंडेन्सर धाकट्याच्या ३.६ पट आणि मोठा रेझिस्टर धाकट्याच्या ११.७८ पट लागतो. १२ भागिले ३.३ म्हणजे ३.६४. बाजारात सरळ मिळणाऱ्या किमतींत इतकं जवळचं गुणोत्तर क्वचित सापडतं, म्हणून हीच जोडी निवडली. वरच्या किमतींनी प्रत्यक्षात ३२०४, ३२० आणि ७४.८ मायक्रोसेकंद येतात. चूक एक टक्क्याच्या आत राहते. १ किलोहर्ट्झला गेन ८९ पट, म्हणजे ३९ डीबी.

रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्म घ्या. ते स्वस्त आहेत, तिथे प्रश्न नाही. प्रश्न कंडेन्सरचा आहे. 'के' अक्षर म्हणजे १० टक्के, 'जे' म्हणजे ५ टक्के. १२३ मध्ये १० टक्के चूक असली तर ५० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ०.८ डीबीचा फरक पडतो. त्याहून वाईट म्हणजे दोन चॅनेलमध्ये वेगवेगळी चूक असली तर गायकाचा आवाज मध्यभागी उभा राहत नाही. प्रत्येकी दहा-दहा नग घ्या, मल्टिमीटरने मोजा आणि एकमेकांशी जुळणारे दोन-दोन निवडा. मीटर स्वतः तीन-चार टक्के चुकला तरी तो सगळ्यांना सारखाच चुकतो, त्यामुळे जोड्या बरोबर लागतात. पॉलीप्रॉपिलीन मिळाले तर उत्तम, बॉक्स पॉलिएस्टरही चालतात. चपटे तपकिरी सिरॅमिक या दोन जागी नकोत: व्होल्टेजप्रमाणे त्यांची किंमत बदलते आणि बोर्डवर टिचकी मारली तर ती स्पीकरमध्ये ऐकू येते. फक्त ४७ पीएफला सिरॅमिक चालेल, तोही एनपीओ (व्हॅल्यू स्थिर राहणारा प्रकार).

पणजी-मडगावात टीव्ही दुरुस्तीचे भाग मिळतात, पण १२३जे पॉलीप्रॉपिलीन मिळेलच असं नाही. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कुणी जाणारं असेल तर यादी देऊन ठेवा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

५५३२ च्या नावाखाली दुसराच आयसी मिळणं हा नेहमीचा घोटाळा आहे. मल्टिमीटर डायोड रेंजवर ठेवा आणि सुट्या आयसीच्या पिन २ व ३ मध्ये दोन्ही दिशांनी मोजा. खऱ्या ५५३२ मध्ये दोन इनपुटांच्या मध्ये उलटसुलट डायोड असतात, त्यामुळे दोन्ही दिशांना ०.६ ते ०.७ दिसतं. ४५५८ किंवा टीएल०७२ वर नाव छापलेलं असेल तर तसं दिसत नाही.

---

साष्टी_ऑडिओ

सर्किट वर आलंच आहे, मी सप्लाय आणि अर्थिंगबद्दल लिहितो. फोनो प्रीअँपमध्ये दहातल्या आठ तक्रारी 'हम'च्या (स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणाटाच्या) असतात, आणि हम बहुतेक वेळा सर्किटमधून येत नाही, वायरिंगमधून येतो.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५, ५०० मिलिअँपिअर. चार १एन४००७ चा ब्रिज. दोन्ही बाजूंना १०००-२२०० एमएफडी, ३५ व्होल्टचे. २५ व्होल्टचे नकोत: लोड जवळजवळ नसल्यामुळे हा लहान ट्रान्सफॉर्मर १५ च्या जागी १७-१८ व्होल्ट देतो, आणि मेन्स चढले तर फिल्टरवर २५ व्होल्ट सहज येतात. पुढे ७८१२ आणि ७९१२.

१५ व्होल्टचे रेग्युलेटर न सांगता १२ चे सांगतोय, त्याला कारण आहे. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी व्होल्टेज फार खाली पडलं तर १५-०-१५ मधून फिल्टरवर १५-१६ व्होल्टच उरतात. ७८१५ ला आत किमान १७ लागतात. तेवढे मिळाले नाहीत की तो रेग्युलेट करायचं सोडतो आणि १०० हर्ट्झचा गुरगुराट सरळ आत येतो. दिवसा ठीक आणि रात्री हम, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. ७८१२ ला १४ पुरतात. आणि ±१२ वर ५५३२ चं काही बिघडत नाही: १ किलोहर्ट्झला इनपुटवर ८० मिलिव्होल्टपर्यंत तो क्लिप होत नाही (आवाज फाटत नाही), तुमचं कार्ट्रिज ४ देतं.

७९१२ चे पाय ७८१२ सारखे नाहीत. इथे सगळ्यात जास्त भाग जळतात. समोरून छापील बाजू धरली तर ७८१२ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१२ चा धातूचा पाठीमागचा पत्रा ग्राउंड नसतो, त्यावर मायनस इनपुट असतं. तो डब्याला स्क्रूने आवळला तर शॉर्ट. इथे करंट १० मिलिअँपिअरच्या आसपासच आहे, हीट सिंक लागतच नाही. दोन्ही मोकळे उभे ठेवा. ७९१२ च्या आउटपुटला ४७ एमएफडी जवळच हवा, नाहीतर तो स्वतःच ऑसिलेट होतो.

आयसी लावण्याआधी फक्त सप्लाय चालू करून पिन ८ वर +१२ आणि पिन ४ वर −१२ मोजा. मगच पुढे.

डबा वेगळाच ठेवा. एका डब्यात ठेवायचा हट्ट असेल तर किमान ३० सेंटिमीटर लांबीचा डबा घ्या, ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि इनपुट सॉकेट दुसऱ्या टोकाला. वेगळा डबा केला की त्यात ट्रान्सफॉर्मर, फ्यूज (२०० मिलिअँपिअर स्लो ब्लो), स्विच आणि रेग्युलेटर. तिथून तीन तारांची डीसी केबल आणि अर्थची चौथी तार प्रीअँपला. सप्लायचा डबा टर्नटेबलपासून लांब, विशेषतः टोनआर्मच्या बाजूला नको. कार्ट्रिज ही बारीक तारेची गुंडाळीच आहे, ती ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सरळ पकडते. अॅल्युमिनियमचा डबा ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्याला लोखंडी पत्रा किंवा अंतर. अंतर फुकट आहे.

ग्राउंडचा क्रम: ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आधी दोन फिल्टर कंडेन्सरच्या मधल्या जोडावर. तिथून एकच वायर रेग्युलेटरच्या ग्राउंडला आणि पुढे बोर्डवरच्या एका बिंदूला. इनपुटचं ग्राउंड, ३३० ओहमच्या शाखेचं ग्राउंड आणि आउटपुटचं ग्राउंड याच बिंदूवर येऊन मिळायला हवं. फिल्टर कंडेन्सर भरताना करंटचे झटके बसतात. ते झटके ज्या तारेतून जातात, तीच तार इनपुटलाही ग्राउंड म्हणून वापरली की कितीही चांगला आयसी घाला, हम येणारच.

आरसीए सॉकेट डब्यापासून इन्सुलेट केलेले घ्या, फायबर वॉशरवाले. प्रीअँपचा डबा थ्री-पिनच्या अर्थला पक्का जोडा. डबा आणि सिग्नल ग्राउंड यांच्यामध्ये १० ओहम, त्याला समांतर ०.१ एमएफडी आणि उलटसुलट दोन १एन४००७. टर्नटेबलची हिरवी किंवा काळी ग्राउंड वायर डब्याच्या स्क्रूला. हम जातो म्हणून थ्री-पिनचा अर्थ पाय काढून टाकायची पद्धत आहे, ती कृपा करून करू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर टोनआर्मला हात लावणाऱ्याला २३० बसतील.

अर्थिंगही एकदा मोजून घ्या. जांभ्या दगडावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थ पिटचा रोध वाढतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. दहा-वीस दिसले तर आधी वायरमनला बोलवा. पिटमध्ये पाणी, मीठ-कोळसा, जे लागेल ते करून घ्या.

---

डिचोली_रेकॉर्ड

अंत्रुजबाब, ५५३२ च्या ऐवजी ओपीए२१३४ घातला तर हिस्स (मागची सततची सरसर) कमी होईल ना? पुष्कळ जण तेच सुचवतात. किंमत चौपट आहे म्हणून विचारतो.

---

अंत्रुज_सर्किट

फार फरक पडत नाही, कारण दोघांचे दोष वेगवेगळ्या जागी आहेत.

५५३२ चा व्होल्टेज नॉइज ५ नॅनोव्होल्ट, ओपीए२१३४ चा ८ (प्रति रूट हर्ट्झ). इथे ५५३२ पुढे. पण ५५३२ ला ०.७ पिकोअँपिअर करंट नॉइज आहे, ओपीए२१३४ ला जेफेट इनपुट असल्यामुळे तो नगण्य. व्हीएम९५ई चं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. १० किलोहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स साडेचौतीस के होतो, ४७ के समांतर धरून २८ के उरतो. त्यावर ०.७ पिकोअँपिअर म्हणजे जवळपास २० नॅनोव्होल्ट. म्हणजे वरच्या पट्ट्यात ५५३२ मागे, खालच्या पट्ट्यात पुढे. त्यात ४७ के आणि कार्ट्रिजचा स्वतःचा थर्मल नॉइजही तिथे तितकाच मोठा असतो, आणि तो कुठल्याच आयसीने जात नाही. तबकडी फिरायला लागली की सुईचाच आवाज या सगळ्याच्या खूप वर असतो.

खरोखर कमी करायचा असेल तर एनई५५३४ए घ्या: ३.५ नॅनोव्होल्ट आणि ०.४ पिकोअँपिअर. पण त्यात एकच अँप असतो, दोन लागतील, आणि पायही वेगळे: आउटपुट ६, प्लस ७. शिवाय पिन ५ आणि ८ मध्ये २२ पीएफ लावावाच लागतो, कारण आपल्या सर्किटचा गेन खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला एकपर्यंत उतरतो आणि ५५३४ कंडेन्सरशिवाय तीन पटीच्या खाली स्थिर राहत नाही.

चौपट पैसे खर्च करायचेच असतील तर ते १ टक्क्याच्या कंडेन्सरवर आणि चांगल्या सॉकेटवर करा.

एक गोष्ट वर राहिली. व्हीएम९५ई ला १०० ते २०० पीएफ लोड हवा, आणि त्यात टोनआर्मची वायर, केबल, ४७ पीएफ, सगळं धरायचं. साधी आरसीए केबल मीटरला १०० पीएफच्या आसपास भरते. एक मीटर असेल तर ४७ पीएफ ठेवा, दोन मीटर असेल तर काढून टाका. कारण ५५० मिलिहेन्री आणि २०० पीएफ यांचा रेझोनन्स १५ किलोहर्ट्झला येतो, ४०० पीएफ झाले तर पावणेअकरा किलोहर्ट्झला. मग झांज आणि 'स'कार टोचायला लागतात, आणि लोक सुई खराब झाली समजून नवी घेतात.

---

बार्देशकर

दोघांचेही मनापासून आभार. डॉट बोर्डवर बांधून झालं. सप्लाय वेगळ्या डब्यात, +१२.१ आणि −१२.० आहे. टर्नटेबल इनपुटला जोडलेलं ठेवून मोजलं: पिन १ वर +४५ मिलिव्होल्ट, स्थिर. पिन ७ वर चालू केल्याबरोबर शून्याच्या जवळ, पण मग दर मिनिटाला साधारण एक व्होल्टने खाली जात राहतं आणि शेवटी −१०.५ ला थांबतं. आयसी बदलला, तरी तेच. डावा चॅनेल छान वाजतो. उजवा सुरुवातीला वाजतो, मग फाटतो आणि बंद. दोन्हींत बारीक हमही आहे.

---

अंत्रुज_सर्किट

पिन ५ चा ४७ के ग्राउंडला पोचत नाहीये. ड्राय सोल्डर असेल, किंवा ट्रॅक एक भोक आधीच संपला असेल.

कारण असं: ५५३२ च्या इनपुटला साधारण ०.२ मायक्रोअँपिअर बायस करंट आत जावा लागतो. तो ४७ के मधून यायला हवा. तो रस्ता बंद असेल तर तेवढा करंट १० एमएफडी मधून ओढला जातो, आणि तो कंडेन्सर सेकंदाला ०.०२ व्होल्टने, म्हणजे मिनिटाला सव्वा व्होल्टने, मायनसकडे जातो. डीसीला आपला गेन एकच आहे, म्हणून आउटपुट त्याच्या मागोमाग उतरतं. तुमचा 'मिनिटाला एक व्होल्ट' हा आकडा इतका बरोबर जुळतो की दुसरीकडे शोधायची गरज नाही. सप्लाय बंद करून पिन ५ ते ग्राउंड मोजा, ४७ के दिसायला हवेत.

पिन १ वरचे ४५ मिलिव्होल्ट योग्यच आहेत. तोच बायस करंट फीडबॅकच्या २९० के मधून जातो, ०.२ गुणिले २९० म्हणजे ५८, त्यातून ४७ के वरचे ९ वजा. आउटपुटला कंडेन्सर लावायला सांगितला तो याचसाठी.

हीच खूण दुसऱ्या चुकीसाठीही ठेवा: आउटपुट हळूहळू न सरकता चालू केल्या केल्या एका टोकाला चिकटलं, तर ३३० ओहमच्या खालचा २२० एमएफडी शॉर्ट असतो किंवा तो गाळून ३३० ओहम चुकून थेट ग्राउंडला जोडलेला असतो. तेव्हा डीसीलाही पावणेनऊशे पट गेन होतो.

---

साष्टी_ऑडिओ

हमसाठी आधी तो कुठला आहे ते ठरवा. फोनवर फुकट मिळणारं स्पेक्ट्रम अॅनालायझर अॅप स्पीकरजवळ धरलं तरी कळतं. ५० हर्ट्झ ठळक असेल तर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा ग्राउंड. १०० हर्ट्झ ठळक असेल तर रेग्युलेटर किंवा फिल्टर, किंवा ग्राउंडच्या तारेचा चुकलेला क्रम.

मग दोन्ही इनपुटना शॉर्टिंग प्लग लावा, म्हणजे आरसीए प्लगमध्ये मधलं टोक आणि कडं वायरने जोडून. हम गेला तर प्रीअँप निर्दोष, दोष टर्नटेबलच्या बाजूला. राहिला तर प्रीअँपमध्ये. टोनआर्मला बोट लावल्यावर हम कमी झाला तर टर्नटेबलची ग्राउंड वायर जोडलेली नाही किंवा टॅग गंजलाय. हम वाजत असताना टर्नटेबल हातभर सरकवून पाहा: जागेप्रमाणे हम बदलत असेल तर कुठला तरी ट्रान्सफॉर्मर जवळ आहे, अँप्लिफायरचासुद्धा असू शकतो.

---

बार्देशकर

४७ के चं ड्राय सोल्डरच होतं. पुन्हा लावलं, पिन ७ वर आता +५१ मिलिव्होल्ट, स्थिर. हम ५० हर्ट्झचा होता. शॉर्टिंग प्लग लावल्यावर गेला. प्रीअँप अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता, टर्नटेबल त्याच्या लगत. टर्नटेबल दुसऱ्या टेबलावर नेल्यावर कान स्पीकरला लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

आता आरआयएए बरोबर आहे की नाही ते स्कोपशिवाय कसं तपासायचं?

---

अंत्रुज_सर्किट

फोनवर टोन जनरेटर अॅप घ्या. हेडफोन आउटपुटपासून १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर करा, १०० ओहमवरचा सिग्नल इनपुटला. फोनमधून ४०० मिलिव्होल्ट आले तर प्रीअँपला ४ मिळतील. आउटपुटला १ किलोहर्ट्झला साधारण ३५० मिलिव्होल्ट, १०० हर्ट्झला १.६ व्होल्ट, १० किलोहर्ट्झला ७३ मिलिव्होल्ट यायला हवेत. गुणोत्तर पाहायचं: १०० हर्ट्झ १ किलोहर्ट्झच्या साडेचार पट, १० किलोहर्ट्झ त्याच्या एक पंचमांशाहून जरा जास्त.

साधा मल्टिमीटर एसीमध्ये ४००-५०० हर्ट्झच्या वर भरवशाचा नसतो, त्यामुळे १० किलोहर्ट्झचं वाचन चुकीचं येईल आणि तुम्ही उगाच कंडेन्सर बदलत बसाल. संगणकाच्या लाइन-इनला घेऊन ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करा आणि लेव्हल डीबीत वाचा: १०० हर्ट्झ +१३.१, १० किलोहर्ट्झ −१३.७. लाइन-इन १.६ व्होल्टला क्लिप होत असेल तर फोनचा आवाज कमी करा, गुणोत्तर तेच राहतं. दोन्ही चॅनेल एकमेकांच्या ०.२ डीबीच्या आत असले की समाधान माना.

वाकलेली तबकडी वाजवताना वूफरचा कोन आत-बाहेर डुलताना दिसला तर ३३० ओहमच्या खालचा २२० एमएफडी काढून २२ लावा. कोपरा २ हर्ट्झवरून २२ हर्ट्झवर जातो. अगदी तळाचा बेस थोडा जाईल, पण लहान स्पीकरवर तो तसाही नसतो. उन्हाळ्यात गाडीत राहून वाकलेल्या तबकड्यांना याचा फार उपयोग होतो.

---

साष्टी_ऑडिओ

दमटपणाचं उत्तर राहिलंय.

आयसीचा साधा पत्र्याच्या पायांचा सॉकेट वापरला असेल तर काढा. दोन पावसाळ्यांत त्याचे टिनचे कॉन्टॅक्ट ऑक्सिडाइझ होतात आणि एक चॅनेल खरखरत येतो-जातो. गोल, खराद केलेल्या पिनांचा सॉकेट घ्या किंवा आयसी सरळ सोल्डर करा. इनपुटचे आरसीए सॉकेट सोन्याच्या मुलाम्याचे: चार मिलिव्होल्टच्या सिग्नलला काळा थर पुरेसा अडथळा असतो, स्पीकरच्या टर्मिनलला तितकं जाणवत नाही.

सोल्डर ६३/३७, रोझिन फ्लक्सची. डबीतली आंबट पेस्ट वापरू नका, तिचा उरलेला थर ओलावा ओढतो आणि तांब्याला हिरवं करतो. सगळं तपासून झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने दोनदा धुवा, दिवसभर सुकू द्या आणि खालच्या बाजूला पीसीबीच्या अॅक्रिलिक लॅकरचा हलका फवारा. सॉकेटच्या तोंडावर आधी टेप. खिडक्यांना लावतात ते आंबट वासाचं सिलिकॉन बोर्डवर कधीच नको, सुकताना त्यातून अॅसिटिक अॅसिड निघतं.

डब्याला मोठी भोकं पाडू नका, उष्णता नगण्य आहे आणि भोकांतून मुंग्या व कुंभारमाशी आत जातात. सिलिका जेलची पुडी ठेवायची तर दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर सुकवावी लागते. न सुकवलेली पुडी नुसती पडून असते. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवलं तरी आतली हवा कोरडी राहते. मात्र जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा, स्विच बंद करून भागत नाही.

---

अंत्रुज_सर्किट

७८ च्या तबकड्यांचं. व्हीएम९५ई ची सुई त्यांवर लावू नका. एलपीच्या खाचेसाठीची ही बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला टेकते, तिथली घाण खरवडते आणि स्वतःही झिजते. त्याच कार्ट्रिजवर बसणारी ७८ ची सुई एटी-व्हीएमएन९५एसपी मिळते, बॉडी बदलावी लागत नाही. सुई बदलली की वजन तिच्या पाकिटावर लिहिलंय तेवढं पुन्हा लावा.

प्रीअँप तोच चालेल, पण वळण जुळणार नाही. ७८ च्या बहुतेक काळात आरआयएए नव्हतं, प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती, आणि बहुतेक तबकड्यांत ट्रेबल मुळात फारसा उचललेला नसायचा. आपलं सर्किट तो दाबणार, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागेल. यासाठी वेगळं सर्किट करू नका. एलपीसारखंच रेकॉर्ड करून घ्या आणि संगणकावर इक्वलायझरने ट्रेबल कानाला बरा वाटेपर्यंत उचला, वर ७-८ किलोहर्ट्झनंतर मात्र कापा, तिथे फक्त शेलॅकची सरसर असते.

आणि डावा-उजवा एकत्र करून मोनो करा. ७८ मध्ये आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. दोन चॅनेल मिळवले की सुईच्या उभ्या हालचालीचा खडखडाट आपोआप कटतो. प्रीअँपच्या आउटपुटला प्रत्येक चॅनेलमधून १ के घेऊन स्विचने जोडा, थेट शॉर्ट करू नका, नाहीतर दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडतील.